केडगावचे संजीवन आणि तारणाचा हर्ष

आपले तारण झाले, हे माणसाने ओळखायचे कशावरून, याबद्दल प्रॉटेस्टंट पंथांत दीर्घकाळ वाद चालला आणि त्यात आनंदाचा मुद्दा वारंवार पुढे आला. बायबलमध्ये त्याला आधार भरपूर आहे. ५१ व्या स्तोत्रात पश्चात्तापदग्ध दावीद तारणाचा हरवलेला हर्ष परत मागतो. लूकच्या १५ व्या अध्यायात मेंढरू, नाणे आणि मुलगा सापडल्यावर तिन्ही वेळा आनंदोत्सव होतो. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये प्रीतीच्या पाठोपाठ आनंदाचाच क्रमांक लागतो. पण आनंद हा तारणाचा पुरावा मानायचा का? मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत पापक्षमेची खात्री पटली. त्याच दिवसाच्या नोंदीत त्यांनी लगेच मनात आलेली शंकाही लिहून ठेवली आहे: हा खरा विश्वास असेल, तर आनंद कुठे आहे? त्यांनी स्वतःची समजूत घातली ती अशी की, शांती आणि पापावर विजय हे विश्वासाचे अंगच आहे. हर्षाचे भरते मात्र देव कधी देतो, कधी देत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावी प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तोही दुष्काळातून वाचलेल्या मुलींमध्ये. त्यामागे या मुलींना तिथे आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाईंचा स्वतःचा अनुभव होता. त्यांचे बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रांत गेले. व्रते, स्नाने, उपवास, दानधर्म यांत कुटुंबाने काही कमी केले नाही. तरी १८७४ मध्ये दुष्काळात आई-वडील दोघेही गेले. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही मनाला समाधान नव्हते. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असा त्यांनी पुढे या काळाचा निष्कर्ष काढला. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅझलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये प्रवचन सांगता सांगता या धर्मगुरूचेच परिवर्तन झाले होते आणि समोरच्या श्रोत्यांनी आनंदाने एकच गलका केला होता. तारण कष्टाने कमवायचे नसून फुकट स्वीकारायचे असते, हे रमाबाईंना तेव्हा उमगले. लहानपणापासून पुण्यसंचयाच्या हिशेबात वाढलेल्या बाईला हे किती मोकळे करणारे वाटले असेल, हे ‘आमच्या अक्षय ठेव्या’विषयी त्यांनी १९०७ मध्ये दिलेल्या साक्षीवरून कळते.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी सुरू केलेले शारदा सदन हे निवासी विद्यालय पुढच्याच वर्षी पुण्यात आले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्यावर त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर हलवण्यात आले, आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली.

वेल्समध्ये १९०४ मध्ये सुरू झालेल्या संजीवनाची, म्हणजे धार्मिक पुनर्जागृतीच्या लाटेची, वार्ता केडगावी पोहोचली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी आवाहन केले तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. २९ जूनच्या पहाटे, अजून उजाडलेही नव्हते, तेव्हा एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्यासारखे वाटले. तो पाहिल्याचे सांगणारी सोबतीण पाण्याची बादली आणायला धावली. मग तिच्या लक्षात आले की मुलगी मुळीच भाजलेली नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या ८ व्या अध्यायावर शिकवत होत्या. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि पाठ थांबवावा लागला.

पुढच्या काही महिन्यांचा क्रम बहुतेक वृत्तांतांत सारखाच आहे: आधी पापाच्या जाणिवेने रडणे व अंगीकार, नंतर क्षमा मिळाल्याची खात्री, आणि मग टाळ्या, गाणे, हसणे, नाचणे. मात्र हे वृत्तांत मुख्यतः मिशनरींचे आहेत. मुलींचे स्वतःचे शब्द त्यांत फार थोडे येतात. ज्यांनी भूक आणि घरच्यांचे मरण पाहिले होते, त्यांच्या रडण्यात केवळ पापाचे दुःख होते असे मानणे कठीण आहे. आनंदातही, आपण जगलो आणि कुणाच्या तरी झालो, याचा वाटा असणारच.

या गलक्यावर टीका झाली. शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्या अनेकांना तो उन्माद वाटला. सुरुवातीला रमाबाईही साशंक होत्या, पण त्यांनी तो दाबला नाही. भारतीय लोकांना त्यांच्या स्वभावाला साजेल अशा रीतीनेच संजीवन यावे, पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या साच्यात ते बसवू नये, अशी भूमिका त्यांनी आपल्या ‘मुक्ती प्रेयर बेल’ या नियतकालिकातून मांडली. भजन-कीर्तनात टाळ्या वाजवत डोलणाऱ्या समाजात तारणाचा आनंद तरी गप्प बसून कसा व्यक्त व्हावा?

पण नुसत्या उचंबळण्यावर त्यांनी समाधान मानले नाही. मुलींच्या तुकड्या करून त्यांना आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला धाडण्यात आले, आणि शेत, स्वयंपाकघर, छापखाना यांतली कामेही चालूच राहिली. वेस्लींनी हर्षाच्या भरत्यापेक्षा पापावरील विजयाला अधिक महत्त्व दिले होते. केडगावातही आनंदाचा कस वागण्यातच लागला.

केडगावचे हे संजीवन केडगावपुरते राहिले नाही. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी बाईंनी या घटनांवर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतील वालपारायसो येथे असलेल्या आपल्या जुन्या सहाध्यायिनीला, मिसेस हूव्हर यांना, ती पाठवली. त्यांचे पती विलिस हूव्हर यांच्या मंडळीत १९०९ मध्ये तसेच संजीवन झाले. मेथडिस्ट वरिष्ठांना ते मानवले नाही, आणि १९१० मध्ये तिथे स्वतंत्र पेंटेकॉस्टल चर्च उभे राहिले.