एक माणूस जास्त

६ एप्रिल २०२५, रविवार. रात्रीचे अकरा वाजत आलेले, सोमवारी सकाळी हापिसात नऊचा कॉल, आणि अस्मादिक पुण्यात लॅपटॉपसमोर बसून बर्फावरची हॉकी बघतायत. घरच्यांच्या मते हे डोकं फिरल्याचं लक्षण. पण वाट बघितल्याचं चीज झालं. वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या ओव्हेच्किननं त्या सामन्यात कारकिर्दीतला ८९५ वा गोल मारला आणि वेन ग्रेट्स्कीचा ८९४ चा विक्रम मोडला.

गोल कसा झाला म्हणाल, तर पॉवर प्लेवर, डाव्या सर्कलमधून. म्हणजे गेली बारा वर्षं तो जिथे उभा राहतो तिथूनच! समोरच्या टीमला हे माहीत नव्हतं? अहो, तिथे पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही माहीत असेल. मग अडवत का नाहीत? व्हर्जिनियात दीड वर्ष ऑनसाइट होतो तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न पडला होता. उत्तर शोधता शोधता बरंच जुनं वाचून झालं, ते आज इथे उतरवतो.

आधी थोडं इस्कटून सांगायला हवं. पॉवर प्ले म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट येतं. तिथे फक्त फील्डरवर बंधनं येतात, माणसं अकराच राहतात. बर्फावरच्या हॉकीत मात्र खरोखरच माणूस कमी होतो. गोलकीपर धरून सहा-सहा जण खेळतात. कुणी पाडापाडी केली, स्टिक अडकवली, की त्याला दोन मिनिटं खोक्यात बसवतात. गोलकीपर सोडले तर उरले पाच विरुद्ध चार. आता पाच जणांना चौघांविरुद्ध गोल करणं सोपं वाटतं ना? पण साधारण पाच संधींमध्ये एखादाच गोल होतो.

एकेकाळी मात्र हे इतकं सोपं झालं होतं की नियमच बदलावा लागला. ५ नोव्हेंबर १९५५. माँट्रियल कॅनेडियन्स विरुद्ध बोस्टन. बोस्टनची माणसं खोक्यात बसलेली असताना माँट्रियलच्या जाँ बेलिव्होनं ४४ सेकंदांत तीन गोल मारले. तेव्हा गोल झाला तरी शिक्षा संपत नसे, दोन मिनिटं पूर्ण भोगावी लागत. त्यात माँट्रियलकडे बेलिव्हो, मॉरिस रिशार, जेफ्रियन, डग हार्वी अशी एकाहून एक भारी मंडळी. बाकीचे संघ मेटाकुटीला आले आणि १९५६ मध्ये नियम आला: छोट्या शिक्षेत एक गोल खाल्ला की माणूस बाहेर. तो नियम आजही आहे. पाच मिनिटांच्या मोठ्या शिक्षेला तेवढा लागू नाही.

म्हणजे गुणी माणसं एकत्र आणली की काम झालं? मलाही तसंच वाटायचं. वॉशिंग्टनची गोष्ट वाचेपर्यंत.

२००९-१० मध्ये वॉशिंग्टनचा पॉवर प्ले लीगमध्ये पहिला होता, २५.२ टक्के. पुढच्या वर्षी १७.५. त्याच्या पुढच्या वर्षी १६.७. आणि माणसं? बरीचशी तीच! ओव्हेच्किन तोच, बॅकस्ट्रॉम तोच, ग्रीन तोच. २०१०-११ च्या अख्ख्या मोसमात ओव्हेच्किनचे पॉवर प्लेवरचे गोल होते फक्त सात. तो बरेचदा मागे निळ्या रेषेपाशी असायचा. तिथून फटका मारायचा म्हणजे मध्ये चार जणांचे पाय, काठ्या, अंगं. आणि समोरच्यांना एव्हाना कळलं होतं की शेवटी पक याच्याकडेच येणार, तर याच्याच अंगावर धावून जाऊ.

हे वाचताना मला आमचा एक प्रोजेक्ट आठवला. डेडलाइन हुकली म्हणून वरून आणखी दोन माणसं पाठवली. चांगली हुशार होती हो! पण त्यांनी नेमकं काय करायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग प्रत्येक काम तिघांकडून फिरून यायचं, आणि सगळे जण टीममधल्या सगळ्यात हुशार पोराकडे बघत बसायचे. असो, तो विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

२६ जून २०१२ ला वॉशिंग्टननं अ‍ॅडम ओट्सला कोच नेमलं. योगायोग म्हणजे हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवडही त्याच दिवशी जाहीर झाली. ओट्स हा पास देणारा गडी, कारकिर्दीत १०७९ असिस्ट. सेंट लुईसला त्याच्या जोडीला ब्रेट हल होता, ज्यानं १९९०-९१ च्या मोसमात ८६ गोल मारले. हल उजव्या हाताचा, ओव्हेच्किनही उजव्या हाताचा. असल्या माणसाला पक कुठे आणि कसा मिळायला हवा, हे ओट्सला वेगळं शिकायची गरज नव्हती. आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं.

त्यानं मांडणी लावली ती १-३-१. मागे एक, मधल्या ओळीत तिघं आडवे, गोलाजवळ एक. ओव्हेच्किन मधल्या ओळीत डावीकडे. उजव्या हाताचा खेळाडू डावीकडे उभा राहिला की त्याची स्टिक मैदानाच्या मधल्या बाजूला येते. पलीकडून आलेला पक न थांबवता, आला तसा हाणता येतो. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर बॉल उचलतो आणि स्मॅशर हवेतच ठोकतो, तसंच. त्यात गोलकीपर आधी उजवीकडच्या पासवाल्याकडे बघत असतो. पक आडवा गेला की त्याला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकावं लागतं, आणि तेवढ्यात फटका आलेला असतो.

पण खरी गंमत ओव्हेच्किनमध्ये नाहीच, ती मधोमध उभ्या ट्रॉय ब्राउअरमध्ये आहे असं माझं मत. बचाव करणारे चौघे चौकोन करून उभे राहतात. त्या चौकोनाच्या पोटातच एक माणूस उभा केला, तर त्याच्याकडे बघायचं कुणी? जो आत वळेल त्याची बाजू उघडी पडते. आणि एकाला कायमचा ओव्हेच्किनला चिकटवून ठेवला, तर उरले चार विरुद्ध तीन, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पॉपकॉर्नवाल्याला माहीत असूनही अडवता येत नाही ते यामुळे.

हे सगळं बसवायला वेळ किती मिळाला? मालक-खेळाडूंच्या भांडणात मोसम १९ जानेवारी २०१३ ला सुरू झाला, त्याआधी सराव जेमतेम आठवडाभर. पहिल्या ११ सामन्यांत फक्त दोन विजय. लोकांनी ओट्सला शिव्या घातल्या असणारच. पण ४८ सामने संपले तेव्हा पॉवर प्ले २६.८ टक्के, लीगमध्ये पहिला. ओव्हेच्किनचे ३२ गोल, त्यातले १६ पॉवर प्लेवर. सगळं श्रेय मांडणीला देणंही बरोबर नाही, त्याच उन्हाळ्यात डॅलसहून आलेल्या रिबेरोसारखा पक खेळवणारा माणूस हाताशी होता.

आणि मग प्लेऑफ. न्यू यॉर्क रेंजर्सविरुद्ध सहाव्या सामन्यात वॉशिंग्टनला एकही पॉवर प्ले मिळाला नाही. समोरच्याचा माणूस खोक्यात गेलाच नाही तर १-३-१ लावणार कुठे? तो सामना ०-१ असा गेला, सातवा घरच्या मैदानावर ०-५.

पुढच्या मोसमात तर कमालच. ओव्हेच्किननं ५१ गोल मारले, त्यात २४ पॉवर प्लेवर. पण एक दुसरा आकडा असतो, प्लस-मायनस. त्यात पॉवर प्लेचे गोल धरत नाहीत. बाकी खेळात तुम्ही बर्फावर असताना तुमच्या टीमनं किती गोल मारले आणि किती खाल्ले, एवढंच मोजतात. तो आकडा होता उणे ३५. पाच विरुद्ध चार असताना राजे, पाच विरुद्ध पाच असताना रंक! टीम प्लेऑफमध्येही गेली नाही आणि एप्रिल २०१४ मध्ये ओट्सची नोकरी गेली. मला विचाराल तर काढणाऱ्यांचंही फारसं चुकलं नव्हतं. सामन्यातला बहुतेक वेळ दोन्हीकडे पाच-पाचच असतात.

नवा कोच बॅरी ट्रॉट्झ आला. त्यानं बाकी खेळाची डागडुजी केली, पण ओव्हेच्किनची डावी जागा आहे तशीच ठेवली. २०१४-१५ मध्ये वॉशिंग्टन पॉवर प्लेत पुन्हा पहिलं. २०१८ ला स्टॅनले कप. ३१ डिसेंबर २०२१ ला ओव्हेच्किननं पॉवर प्लेवरच्या गोलांचा डेव्ह अँड्रेचकचा २७४ चा विक्रम मागे टाकला.

त्या एप्रिलच्या रात्री पास टॉम विल्सननं दिला होता. २०१३ मधल्या त्या पाच जणांपैकी ओव्हेच्किन सोडून बर्फावर तेव्हा कुणीच नव्हतं. मी तो गोल चार वेळा मागे करून बघितला आणि सोमवारच्या कॉलला सात मिनिटं उशिरा पोचलो.