मेल्या म्हशीला मणभर दूध

आपल्याकडे एक म्हण आहे : मेल्या म्हशीला मणभर दूध. म्हैस गोठ्यात असते तोवर ती लाथा झाडते, पान्हा चोरते, वैरण फार खाते, अशीच तिची कीर्ती. ती गेली, की मात्र चरव्या कशा काठोकाठ भरत, याच्या कथा सुरू होतात. या म्हणीचा अनुभव इंग्रजांनीही पुरेपूर घेतला आहे. त्यांची म्हैस म्हणजे त्यांची सरकारी रेल्वे.

ज्या देशातील व्हल्कन फाउंड्रीने आपल्या १८५३ सालच्या बोरीबंदर-ठाणे गाडीसाठी इंजिने घडवून पाठवली, त्या देशाची स्वतःची रेल्वे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पार खंगली होती. सैन्य आणि दारूगोळा वाहून वाहून रूळ झिजले होते, डबे खिळखिळे झाले होते. अॅटली यांच्या मजूर सरकारने कायदा केला आणि १ जानेवारी १९४८ रोजी चार मोठ्या खासगी कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. सुमारे वीस हजार वाफेची इंजिने आणि सहा लाखांहून अधिक नोकरमाणसे, एवढा हा प्रचंड बारदाना!

नव्या मालकाने हौसेने नवी इंजिने बांधायला घेतली. १९५१ पासून अशी ९९९ इंजिने तयार झाली. त्यांतले शेवटचे मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले. त्याचे नाव ‘ईव्हनिंग स्टार’, म्हणजे सायंतारा. नाव फार समर्पक होते, कारण वाफेची संध्याकाळ झालीच होती. १९५५ च्या योजनेने डिझेल आणि विजेचा रस्ता धरला होता. वाफेचे इंजिन सांभाळले तर तीसचाळीस वर्षे सहज चालते. हा सायंतारा अवघ्या पाच वर्षांत सेवेतून निवृत्त झाला. आज तो संग्रहालयात आहे, पण त्याच्या बरोबरीची शेकडो इंजिने ऐन तारुण्यात मोडीत गेली. ज्या घराने त्यांना जन्म दिला, त्याच घराने त्यांना भंगारात घातले.

तोट्याचे आकडे वाढत होते. तेव्हा एका मोठ्या रसायन कंपनीतले डॉक्टर बीचिंग यांना रेल्वेचे प्रमुख नेमण्यात आले. त्यांचा १९६३ चा अहवाल आजही तिकडे शिवीसारखा उच्चारला जातो. त्यांनी २,३६३ स्टेशने आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करावेत, असे सुचवले. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. एकूण मार्गांपैकी तिसऱ्या हिश्श्यावर प्रवासी वाहतुकीचा जेमतेम एक टक्का चालत असे. परंतु ज्या खेड्यातून सकाळची गाडी गेली, की लोक घड्याळे लावत, त्या खेड्याला हा एक टक्का म्हणजे सर्वस्व होते. सगळे प्रस्ताव अमलात आले नाहीत, तरी हजारो मैलांचे रूळ उखडले गेले.

११ ऑगस्ट १९६८ रोजी सरकारी रेल्वेने वाफेच्या इंजिनांची शेवटची खास गाडी सोडली. लिव्हरपूलहून कार्लाइलला आणि परत. तिकीट पंधरा गिनींचे, म्हणजे चैनीचेच. तरी गाडी भरली. आणि ज्यांना तिकीट परवडले नाही ते पुलांवर आणि बांधांवर उभे राहिले.

इथवर कथा म्हणीप्रमाणेच चालली. पुढे मात्र ती निराळे वळण घेते. ही माणसे केवळ हळहळून घरी गेली नाहीत.

ससेक्स परगण्यातील एक लहानसा मार्ग १९५५ साली बंद झाला. तेथील बेसेमर बाईंनी जुना कायदा उकरून काढला. त्यात रोज चार गाड्या सोडण्याचे बंधन होते! रेल्वेला निमूटपणे १९५६ मध्ये गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मग पार्लमेंटकडून ते कलम काढून घेऊन १९५८ मध्ये मार्ग पुन्हा बंद झाला. तेव्हा हौशी मंडळी पुढे आली आणि ऑगस्ट १९६० मध्ये त्यातल्या एका तुकड्यावर त्यांनी स्वतःच गाडी धाववली. ही ‘ब्लूबेल रेल्वे’ आजही चालते.

वेल्समधील बॅरी गावच्या डाय वुडहॅम या भंगारवाल्याने २९७ इंजिने विकत घेतली होती. पण मालगाड्यांचे डबे फोडणे सोपे, म्हणून त्याने ते काम आधी घेतले. इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. त्या अवधीत लोकांनी वर्गण्या जमवल्या, एकेक इंजिन विकत घेतले आणि १९६८ ते १९९० या काळात २१३ इंजिने तेथून सोडवून नेली. एका जातीची तर ४९ च्या ४९ इंजिने नष्ट झाली होती. त्या जातीचे पन्नासावे इंजिन, ‘टॉर्नेडो’, लोकांनी वर्गणीतून कोऱ्या पोलादाचे घडवले. ते २००८ साली पुरे झाले.

मौज अशी, की ज्या डिझेल गाड्यांनी वाफेला हाकलले, त्यांच्याही वाट्याला पुढे तेच प्रेम आले. १९६५ नंतर रेल्वेने निळा रंग आणि दुहेरी बाणाचे चिन्ह घेतले, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. तिच्या सँडविचवर तर साऱ्या देशाने विनोद केले. १९७६ साली ताशी सव्वाशे मैल धावणारी डिझेल गाडी आली, तरी कुरकूर थांबली नाही. मग १९९३ च्या कायद्याने रेल्वेचे तुकडे करून ते खासगी कंपन्यांकडे देण्याचे ठरले आणि १९९७ पर्यंत वाटप आटोपले. त्यानंतर निळे डबेदेखील गोड वाटू लागले. २०१९ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून त्या वेगवान गाडीने निरोप घेतला, तेव्हा फलाटावर पुन्हा गर्दी होती. पुढे २०२४ साली पार्लमेंटने कायदा केला आणि २०२५ पासून प्रवासी गाड्या चालवणाऱ्या कंपन्या एकेक करून सरकारकडे परत येऊ लागल्या. दुहेरी बाण मात्र या सर्व काळात स्टेशनांच्या पाट्यांवरून हललाच नव्हता.

उशीर, काजळी आणि शिळे सँडविच यांचा विसर पडला, म्हणून या आठवणींना खोटे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या म्हशीचे दूध कोणी मोजत बसत नाही. जिला शिव्या दिल्या ती आपली होती, हे तिच्या जाण्याने कळले. आणि कळल्यावर त्या माणसांनी हात काळे करून घेतले, हा त्यांचा मोठेपणा.

या दिवाळीत गावाकडची गाडी तासभर उशिरा आली, तर आपणही तिला चार शब्द सुनवालच. खुशाल सुनवा. फक्त चरवीत आज दूध किती आहे, तेही एकदा वाकून पाहा.