कीर्द, खतावणी आणि मुसीचं पाणी

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या दुकानांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. मुसी नदी इथून जवळच. त्यामुळे या बाजाराने माहिती कशी जपली, कशी गमावली, हे सांगायचं तर मी २८ सप्टेंबर १९०८ पासून सुरुवात करतो. त्या दिवशीच्या महापुरात सुमारे पंधरा हजार माणसं गेली आणि अफझल पूल वाहून गेला. अफझलगंजच्या दवाखान्यातल्या चिंचेवर चढून दीडशे जण वाचले. ते झाड उस्मानिया इस्पितळाच्या आवारात अजून उभं आहे. माणसांचा आकडा निदान सांगता येतो. वह्यांची मोजदाद कोण ठेवणार?

जुन्या पेढीवर व्यवहार आधी खर्ड्यात उतरे, मग तारखेवार कीर्दीत, आणि तिथून खातेवार खतावणीत. पद्धत बिनतोड होती. खतावणी फाटली तरी कीर्दीवरून नवी उभी करता येई, आणि मधलंच पान कोणी काढलं तर वहीची शिवण चुगली करी. काजळाची शाई उन्हाला दाद देत नाही. पाण्यात मात्र पसरते. खरी गोम वेगळीच होती: कीर्द आणि खतावणी एकाच पेटीत राहत. पेटी बुडाली की दोन्ही गेल्या.

सरकारी दप्तर जास्त नशीबवान. निजामाचं दफ्तर-ए-दिवाणी रायरायां या मराठी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. इथल्या राजवटीचे जुने कागद आज तारनाक्याच्या अभिलेखागारात आहेत, त्यांत मोडीही आहे. कागद टिकले, वाचणारे विरळ झाले. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्लॉप्यांचंही तेच. १.४४ एमबीची चकती कपाटात धड असली तरी ती घालायचं यंत्र कुठे आहे? मोडी निदान शिकता येते.

आता सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून दोन्हींवर तोच मजकूर ठेवणारी दोन डिस्कांची पेटी येते आणि गल्ल्याखाली, अगरबत्तीच्या राखेत आणि मिरचीच्या धुळीत, हिरवा दिवा लुकलुकवत बसते. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालतं, दुकानातल्या दुकानात फाइल झटकन उघडते, दरमहा भाडं नाही. छोट्या दुकानाला ही सोय मोठीच. पण मालक तिलाच बॅकअप म्हणतो, तेव्हा मी वाद घालतो. पोऱ्याने चुकून खातं पुसलं तर ते दोन्हीकडून पुसलं जातं. चोर पेटीच उचलतो. खंडणीखोर व्हायरस दोन्ही डिस्कांना कुलूप लावतो. आणि पाणी? ऑक्टोबर २०२० मध्ये शहरातल्या कित्येक वस्त्यांत ते घराघरांत शिरलंच होतं.

दुसरा पर्याय क्लाउडचा. तो दूर असतो, हाच त्याचा मोठा गुण. ॲमेझॉनने २०२२ च्या नोव्हेंबरात हैदराबादेतच आपली क्लाउडची केंद्रं सुरू केली. म्हणजे आता दूर म्हणजे किती दूर, हेही विचारून घ्यावं लागतं. पण भाडं संपत नाही, आणि पासवर्ड बहुधा नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर असतो. दहा एमबीपीएसच्या लाइनवर पाचशे जीबी चढवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही वीज न जाता.

जीएसटीचा कायदा वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायला सांगतो. तेव्हा पेटी खुशाल ठेवा, पण एक प्रत नदीपासून लांब, दुसऱ्याच छपराखाली असू द्या, आणि दर महिन्याला तिच्यातली एखादी फाइल उघडून बघा.