हँडल फिरवणारा मुलगा

शंभर वर्षांनी जग कसं असेल? १८९९ च्या सुमारास फ्रान्समधल्या काही चित्रकारांनी या प्रश्नाची उत्तरं चक्क रंगवून ठेवली. मालिकेचं नाव 'सन २००० मध्ये'. ज्याँ-मार्क कोते हे त्यातलं ठळक नाव, पण काम एकट्याचं नाही, बऱ्याच जणांनी मिळून केलेलं. ही चित्रं आधी सिगारच्या खोक्यात घालायची कार्डं म्हणून निघाली, मग पोस्टकार्डं म्हणून. १९१० पर्यंत भर पडत राहिली आणि निदान ८७ चित्रं आज माहीत आहेत.

आणि काय काय आहे त्यांत! देवमाशाच्या पोटाखाली डबा बांधून चालवलेली बस. समुद्राच्या तळाशी क्रोकेचा डाव. वटवाघळासारखे पंख लावून वरच्या मजल्यावरची माणसं सोडवणारे आगीचे बंबवाले. शेकोटीत लाकडांऐवजी रेडियमचा तुकडा आणि त्याभोवती आरामात शेकत बसलेली मंडळी (रेडियमचा शोध १८९८ चा, म्हणजे अगदी ताजा, त्याचे चटके पुढे कळले). आज हे वेडगळ वाटतं खरं, पण तो काळही तसाच होता. १९०० साली पॅरिसला जे प्रदर्शन भरलं, तिथे विजेचा महाल होता, लोकांना उभ्या-उभ्या पुढे नेणारा सरकता रस्ता होता, आणि ते बघायला सुमारे पाच कोटी माणसं आली. एवढं डोळ्यांसमोर घडत असताना देवमाशाची बस फार लांबची का वाटावी?

हसून झाल्यावर मी एका चित्रापाशी थांबले. शाळेचा वर्ग. मास्तर एका यंत्राच्या तोंडात पुस्तकं टाकताहेत, खाली ती दळली जाताहेत, आणि वरून आलेल्या तारा बाकांवर ओळीने बसलेल्या मुलांच्या कानांवरच्या टोप्यांत शिरताहेत. विद्या थेट डोक्यात! बघणारा लगेच म्हणतो, "बघा, यांना आपले हेडफोन दिसले होते." मला दिसला तो यंत्राशेजारचा पोरगा. तो हँडल फिरवतोय. हाताने. वीज, तारा, सगळं सुचलं, पण ते जातं फिरवायला कुणीतरी लागणारच, हे चित्रकाराने इतकं गृहीत धरलंय की त्यात त्याला काही विचित्र वाटलेलं दिसत नाही.

मग बाकीची चित्रं त्याच नजरेने पुन्हा पाहिली. जमीन विजेच्या यंत्राने घासली जाते, पण यंत्राचा दांडा धरून उभी आहे ती पांढरा एप्रन घातलेली मोलकरीणच. बाईसाहेबांची वेणीफणी यांत्रिक हात करतात. बाईसाहेब मात्र १९०० च्याच, कपड्यांसकट. शेतकरी बसल्या जागी खटके दाबून शेत नांगरतो. चित्रकारांनी शंभर वर्षं पुढे नेलं ते यंत्रांना. कोण खुर्चीत बसणार आणि कोण दांडा धरून उभं राहणार, ती वाटणी जिथल्या तिथे राहिली. विनोदासाठी काढलेली चित्रं आहेत, त्यांच्याकडून समाजशास्त्र मागू नये, हे कबूल. पण चेष्टेत माणूस काय बदलतो आणि काय बदलायचं त्याला सुचतच नाही, यावरून त्याचं घर कळतं.

आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९८६ साली या चित्रांवर 'फ्यूचरडेज' हे पुस्तक केलं आणि ती पुन्हा लोकांपुढे आली. खरं २००० साल उजाडलं तेव्हा आपण पंख लावून उडत नव्हतो. संगणक वर्षाचे दोनच आकडे साठवतात म्हणून धास्तावलो होतो, आणि आपल्याकडची कितीतरी मुलं रात्री जागून परदेशी कंपन्यांचे ते आकडे दुरुस्त करून मोकळी झाली होती.

आता यंत्रं स्वतःच शिकतात म्हणे. त्यांना शिकवायला लागणारी चित्रं आणि वाक्यं, हे मांजर, हा सिग्नल, ही शिवी, अशी एकेक करून निवडून देणारी माणसं कुठेतरी पडद्यापुढे बसलेली असतातच. त्यांतली पुष्कळ आपल्या देशातही आहेत.

त्या वर्गातल्या पोराबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याच्या डोक्यावर तारांची टोपी नाही.