कॅथेप्सिन डी : विकर आणि ते ओळखणारे प्रतिपिंड

कॅथेप्सिन डी हे आपल्या पेशींतील लयकारिकांमध्ये, म्हणजे लायसोसोममध्ये असणारे विकर आहे. जुनी, निकामी झालेली प्रथिने तोडणे हे त्याचे काम. शाळेत लयकारिकांना 'आत्मघाती पिशव्या' म्हणून शिकवतात. नाव भीतिदायक आहे, पण त्यांचे रोजचे काम साफसफाईचेच. बेल्जियमचे क्रिश्चन द दुव्ह यांनी १९५५ साली त्यांचा शोध जाहीर केला. त्यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या विकराचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर मेंदूच्या पेशींत न तुटलेला कचरा साठत जातो. सीएलएन-१० नावाचा हा दुर्मीळ आजार काही बाळांना जन्मापासूनच असतो.

विकर आधी निष्क्रिय रूपात तयार होते, वजन सुमारे ५२ किलोडाल्टन. लयकारिकेच्या आम्लात त्याची काटछाट होते. आधी ४८ चे रूप, मग ३४ चा जड आणि १४ चा हलका असे दोन तुकडे, जे एकत्र राहूनच काम करतात.

प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. ती अख्खे प्रथिन ओळखत नाही, त्याचा एक छोटा भाग ओळखते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये हे दोन तुकडे वेगळे होतात. म्हणून जड तुकडा ओळखणाऱ्या अँटिबॉडीला ३४ चा पट्टा दिसेल, १४ चा नाही. बायोटेक शिकणाऱ्यांनी अँटिबॉडीसोबत येणारे माहितीपत्रक वाचल्याशिवाय 'विकर नाही' असे लिहू नये. हे जनुक काढून टाकलेल्या पेशी तुलनेला घ्याव्यात. तिथेही पट्टा आला, तर अँटिबॉडी भलतेच काहीतरी पकडते आहे.

या बारकाव्याची किंमत स्तनाच्या कर्करोगात कळली. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील माँपेलिए येथे आँरी रोशफोर यांच्या गटाला इस्ट्रोजेनमुळे या कर्करोगाच्या पेशींतून ५२ किलोडाल्टनचे एक प्रथिन जास्त बाहेर पडताना दिसले. ते कॅथेप्सिन डीच निघाले. आजार पुन्हा उलटेल का, हे त्यावरून सांगता येईल अशी आशा होती. पण निष्कर्ष जुळेनात. कोणी गाठीचा तुकडा वाटून मोजत होते, त्यात गाठीतल्या भक्षक पेशींचे विकरही मिसळत होते. कोणी अँटिबॉडीने काप रंगवत होते, आणि अँटिबॉडीही सगळ्यांच्या सारख्या नव्हत्या. २००७ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या 'ॲस्को' संघटनेने उपचार ठरवण्यासाठी या चाचणीचा पुरावा अपुरा ठरवला. आज स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टवर अँटिबॉडीने तपासलेले ईआर, पीआर आणि हर-२ दिसतात, कॅथेप्सिन डी सहसा नसते.