‘दर्पण’, डोंगरी आणि आपला मोबाईल

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा श्रीगणेशा ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत झाला. त्या दिवशी पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांना कळावे आणि नवे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचावे, हा त्यामागचा हेतू. १८४० मध्ये ते बंद पडले, पण नावातूनच त्याने पत्रकाराचा धर्म सांगून ठेवला : जे आहे तेच दाखवावे.

हा धर्म पाळणे किती अवघड असते, याचा अनुभव पुढे पन्नास वर्षांनी आला. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्ता येत होत्या. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावची काही पत्रे संपादकांच्या हाती लागली. ती खरी मानून दोन्ही पत्रांनी दिवाणांवर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

त्यांची तळमळ खरी होती. पुढच्याच वर्षी महाराजांचा नगरच्या किल्ल्यात दुर्दैवी अंत झाला. पण तळमळ खरी असली म्हणून हातातला कागद खरा ठरत नाही. सुटून आल्यावर लोकांनी त्यांचे स्वागत केले, कारण छापल्या शब्दाची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या नावाने घेतली होती.

आज आपण सगळेच रोज काही ना काही प्रसिद्ध करतो. आम्हा सीमाभागातल्या मंडळींना भाषेचा विषय जिव्हाळ्याचा. त्यामुळे कुठल्या तरी जुन्या भांडणाचा व्हिडिओ ‘आत्ताच घडले’ म्हणून आला की रक्त तापते आणि बोट आपोआप पुढे जाते. त्याची झळ मात्र शेजारच्या दुकानदाराला, बसच्या वाहकाला बसते. त्यांच्याशी तर आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आहे.

संपादकांना निदान न्यायालय जाब विचारत होते. आपल्याला आपणच विचारायला हवे : हे कोणी पाहिले? कधीचे आहे? खाली आपले नाव घालून छापायची तयारी आहे का? नसेल, तर ते पुढे पाठवू नये.