खिळे जुळविणारा पंतप्रधान

इ. स. १९०४ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात मजूर पक्षाच्या हाती देशाचा कारभार आला. क्वीन्सलंड प्रांतात १८९९ साली असे आठवडाभर झाले होते. पण सबंध राष्ट्राचे मजूर मंत्रिमंडळ जगाने त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्याचे प्रमुख जॉन ख्रिश्चन वॉटसन अवघे ३७ वर्षांचे होते आणि धंद्याने छापखान्यातले जुळारी.

वॉटसन यांचा जन्म १८६७ चा, दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, वाल्पाराइसो बंदरी. वडील टांक हे जर्मन वंशाचे चिलीवासी दर्यावर्दी. आई पुढे न्यूझीलंडला आली व तिने जॉर्ज वॉटसन नामक खाणकामगाराशी लग्न केले; मुलास आडनाव मिळाले ते या सावत्र बापाचे. शाळा दहाव्या वर्षी सुटली, तेराव्या वर्षी ओमारू गावच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. जुळाऱ्याचे काम मोठे विलक्षण. दुसऱ्याचे अग्रलेख, भाषणे, कायद्यांचे मसुदे अक्षर अक्षर हाताखालून जातात. ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला ती फुकटची पाठशाळाच होते. वॉटसन यांचे शिक्षण तेथेच झाले, असे आम्ही समजतो.

नोकरी सुटल्यावर १८८६ साली ते सिडनीस आले. पहिला महिना गव्हर्नरांच्या तबेल्यात शेण-लीद काढण्यात गेला. मग वृत्तपत्रांत खिळे जुळविण्याचे काम मिळाले. १८९२ साली ते सिडनीच्या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष झाले, १८९४ साली प्रांतिक विधिमंडळात निवडून आले, १९०१ साली राष्ट्रीय संसदेत पक्षनेते.

पंतप्रधानपद चार महिनेही टिकले नाही. मालक-मजुरांचे तंटे लवादाने मिटविण्याच्या विधेयकात संघटित कामगारांस प्राधान्य असावे की नाही, यावर सरकार हरले. वॉटसन यांनी संसद विसर्जित करण्याची विनंती केली. गव्हर्नर-जनरल लॉर्ड नॉर्थकोट यांनी ती नाकारली. हे नॉर्थकोट आपल्याकडच्या जुन्या मंडळींस परके नव्हेत. १९०० ते १९०३ या काळात, गुजरात दुष्काळाने होरपळला तेव्हा, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तेच होते. विधेयक त्याच वर्षी दुसऱ्या सरकारच्या हातून मंजूर झाले.

येथवरची कथा ऐकून कोणाचेही मन भरून यावे. परंतु १९०१ सालचे एक प्रकरण आम्हांस वगळता येत नाही. परदेशीयांच्या प्रवेशाला बंदी घालणारा कायदा तेव्हा संसदेपुढे होता. सरकारने वर्णाचे नाव न घेता एक युक्ती योजली होती: अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा मजकूर सांगेल, तो ज्याला लिहिता येणार नाही त्याने परत जावे. वॉटसन यांना हा आडपडदा नको होता. आशिया व आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांस स्पष्ट शब्दांत मज्जाव करावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. मजुरी घसरेल ही भीती होतीच. पण मुख्य आक्षेप वंशसंकराचा आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले. हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन असला तरी त्यांच्या लेखी तो आशियाईच. दुरुस्ती फेटाळली गेली, युक्ती मात्र कायदा झाली आणि १९५८ पर्यंत चालली.

ज्यांच्या कुलदैवतांनाही सोळाव्या शतकात सासष्टीतून अंत्रुजात रातोरात स्थलांतर करावे लागले, अशा घराण्यांना दार बंद होणे आणि दार उघडे मिळणे यांतला फरक सांगावयास नको. वॉटसन यांना दार उघडे मिळाले होते. इतकेच नव्हे, टांक यांचे पुत्र म्हणून ते जन्माने ब्रिटिश प्रजाजन होते की नाही, आणि नसतील तर संसदेत बसण्याचा त्यांना अधिकार होता की नाही, ही शंका अभ्यासकांनी पुढे काढली. ते स्वतः मात्र जॉर्ज वॉटसन हेच आपले जन्मदाते, असे सांगत राहिले. शाळेतून दहाव्या वर्षी बाहेर पडलेल्या या जुळाऱ्यास एखाद्या अधिकाऱ्याने ५० जर्मन शब्द लिहावयास घातले असते तर?

पुढे सक्तीच्या सैन्यभरतीस पाठिंबा दिल्याबद्दल १९१६ साली त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकले. उत्तरायुष्यात ते मोटारमालकांच्या संघाचे व एका तेल कंपनीचे अध्यक्ष होते. १९४१ साली सिडनीत त्यांचे निधन झाले. कॅनबेराच्या एका उपनगरास त्यांचे नाव आहे, तेही सावत्र बापाकडून आलेले.